अरुंद जागेतील सत्य

खोटे बोलणे वाईट, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. परंतु खरे माहीत असून ते न बोलणे वाईट की नाही, आणि वाईट असल्यास किती, या प्रश्नाचे उत्तर आपण बहुधा सोयीनुसार बदलीत असतो. गेल्या पावसाळ्यात एका मोटारीचे इंजिन बाहेर काढण्याच्या निमित्ताने हा प्रश्न आमच्या दारात, किंबहुना आमच्या गॅरेजात, येऊन उभा राहिला. प्रसंग अगदी लहान. त्यात कोणाला इजा झाली नाही, काही मोडले नाही. तरीही त्या दिवसापासून तो मनातून जात नाही, म्हणून वाचकांपुढे मांडीत आहोत.

आम्ही जबलपूर येथे केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकून आहोत. घरापासून दूर नोकरी करणारा माणूस बदलीच्या ट्रकमध्ये काय काय घालून नेतो, हे आपणांसारख्यांना सांगावयास नकोच. कोणी देव्हारा नेतो, कोणी आजीचा पाटा नेतो. आम्ही वडिलांची मोटार नेली. १९८७ साली त्यांनी घेतलेली ती प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून जी फियाट ११०० डिलाइट या नावाने निघू लागली आणि १९७४ पासून जिला पद्मिनी म्हणू लागले, ती ही गाडी. तिचे उत्पादन थांबूनही आता बरीच वर्षे लोटली. मुंबईच्या रस्त्यांवरून तिची शेवटची टॅक्सीही २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आमची मात्र नागपूरहून शिवनीमार्गे स्वतःच्या चाकांवर जबलपुरास आली, आणि वडील गेल्यावरही दर रविवारी सुरू होत राहिली.

अलीकडे तिला निळा धूर येऊ लागला होता. तेल जळत होते. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, सिलिंडर पुन्हा बोअर करावे लागतील, असे निदान झाले. त्यासाठी इंजिन उतरवून खरादीच्या दुकानात नेणे भाग होते. आता हे इंजिन काही राक्षसी नव्हे. चार सिलिंडरचे, १०८९ सीसीचे, आजच्या हिशेबाने साधेच. परंतु ओतीव लोखंडाचा तो ठोकळा दोन माणसांनी कवेत धरून उचलावा असाही नाही. त्याला वरूनच उचलावे लागते, आणि वरून उचलावयाचे म्हणजे वर काहीतरी भक्कम असावे लागते.

आमचे गॅरेज पंधरा फूट लांब आणि आठ फूट रुंद. भाड्याच्या जुन्या घराला पुढे कधीतरी जोडलेले. पद्मिनी जेमतेम तेरा फुटांची आणि पावणेपाच फूट रुंद. म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड फूट जागा उरते. त्यात एका भिंतीला पाण्याची टाकी आणि दुसरीला आमच्या मुलाची सायकल. माणसाला चालावयाचे तर खेकड्यासारखे आडवे. छताखालून एक लोखंडी गर्डर आडवा गेलेला, जमिनीपासून साडेसात फुटांवर. गाडी तोंड आत करून उभी केली की बॉनेट बरोबर त्या गर्डरखाली येई. देवानेच ही सोय करून ठेवली आहे, असे आम्हांस वाटले.

कामासाठी आम्ही ज्या मिस्त्रींना बोलावले, ते वाहन कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. शक्तिमान ट्रकच्या काळापासून तेथे असलेले. वय सत्तरीच्या घरात, बोलणे मोजके. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, ते आम्हांस बाबूजी म्हणतात. सोबतीला त्यांचा नातू, सोळा-सतरा वर्षांचा. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, म्हणजे खेकड्याची फेरी मारली, आणि म्हणाले, “हो जाएगा. जगह कम है, जल्दी मत कीजिएगा.”

दोन दिवस काम चालले. पहिल्यांदा बॅटरीच्या तारा सोडल्या. रेडिएटरमधले पाणी आणि चेंबरमधले तेल काढले. मग बॉनेट उतरवून भिंतीशी उभे केले. त्यामुळे दीड फुटाची वाट एका बाजूने सव्वा फुटाची झाली. रेडिएटर निघाला. कार्बुरेटरकडे जाणारी नळी, ॲक्सिलरेटरची सळई, स्टार्टरची जाड तार, सायलेन्सरचा नळ, एकामागून एक सुटत गेले. प्रत्येक तारेला आम्ही क्रमांकाची चिठ्ठी बांधली. कार्यालयात फायलींना लावतो त्याच पांढऱ्या दोऱ्याच्या टॅगने. नट-बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत, प्रत्येक डब्यावर नाव. चाचा हे पाहून प्रथमच हसले आणि म्हणाले, “बाबूजी, आपके दफ्तर में कुछ खोता नहीं होगा.” आम्ही सुखावलो. खरे म्हणजे या कामात आमचे एवढेच कर्तृत्व.

आता उचलण्याची तयारी. चाचांनी एक टनाची चेनकप्पी आणली होती. ती गर्डरला अडकवावयाची, खाली साखळीचे दोन पाय करून ते इंजिनच्या दोन टोकांना बांधावयाचे. येथे त्यांनी एक गोष्ट आमच्या मुलाला समजावून सांगितली, आणि ती आम्हांसही नवीन होती. साखळीचे दोन्ही पाय उंच उभे असतील, समजा आडव्या रेषेशी साठ अंशांचा कोन करीत असतील, तर प्रत्येक पायावर ओझ्याच्या सुमारे ५८ टक्के ताण येतो. पण छत बुटके असल्यामुळे साखळी आखूड करावी लागली आणि पाय पसरून तीस अंशांवर आले, तर प्रत्येक पायावर पूर्ण ओझ्याइतकाच ताण येतो. ओझे तेच, साखळी तीच; केवळ जागा कमी म्हणून ताण जवळजवळ दुप्पट. मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याने दोन पेन्सिली आणि सुतळी घेऊन ते करून पाहिले आणि त्याला पटले.

मग चाचांनी मान वर करून गर्डर पाहिला. पान्याने दोन ठिकाणी ठोकला. त्याचे एक टोक भिंतीत जेथे टेकलेले आहे, तेथील गिलावा बाकीच्या भिंतीपेक्षा उजळ होता. त्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारले, “बाबूजी, यह पलस्तर नया है. नीचे ईंट कैसी है?”

येथे थोडे मागे जावे लागेल. आदल्या दिवाळीत साफसफाई करताना त्याच ठिकाणचा गिलावा पोपडा होऊन आमच्या हातात आला होता. आतली वीट ओलीने कुजलेली. बोटाने दाबली तर रवाळ भुकटी पडे. त्या वेळी आमचा मुलगा खाली स्टूल धरून उभा होता, आणि ती तांबडी भुकटी त्याने कागदात गोळा करून रांगोळीसाठी ठेवली होती. घरमालकांना कळविले. त्यांनी माणूस पाठविला. त्याने वीट बदलली नाही. वरून सिमेंट लावून गुळगुळीत केले आणि तो गेला. छत काही पडत नव्हते. आम्हीही विषय सोडून दिला.

म्हणून चाचांच्या प्रश्नाचे खरे उत्तर असे होते: ‘वीट कुजलेली आहे, वर नुसता गिलावा आहे.’ आम्ही उत्तर दिले ते असे: “मालिक ने दिवाली में ठीक करवाया है.”

वाचकांनी हे वाक्य तपासून पाहावे. त्यात एक अक्षर खोटे नाही. मालकांनी दिवाळीत माणूस पाठविला होता, आणि ‘ठीक करविणे’ या शब्दांत गिलावाही बसतो. आमच्या पिढीजात व्यवसायात याहून निसरडी वाक्ये रोज लिहिली जातात.

आम्ही असे का बोललो, याचे कारण शोधावयास फार खोल जावे लागत नाही. शनिवार होता. सोमवारी कामावर हजर व्हावयाचे होते. वर्षाला आठच किरकोळ रजा, त्यांतील सहा संपलेल्या. गर्डर चालणार नाही असे ठरले असते, तर गाडी बाहेर ढकलून, गल्लीत फिरवून, तोंड दाराशी करून लोखंडी नळांच्या तिपाईवर इंजिन उचलावे लागले असते. त्यासाठी तिपाई भाड्याने आणणे, पावसासाठी ताडपत्री, अर्धा दिवस अडणाऱ्या गल्लीबद्दल शेजाऱ्यांची मनधरणी, आणि आमची एक रजा. हे सारे एका क्षणात मनात येऊन गेले. शिवाय एक आशा होती, की टिकेल. आजवर टिकले आहे, आजही टिकेल.

चाचांनी मान डोलावली. त्यांनी आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. नातू पाठीवर सरकत गाडीखाली गेला, कारण इंजिन पुढे ओढताना गिअरबॉक्सला खालून जॅकचा आधार लावावयाचा होता. आमचा मुलगा टॉर्च धरून मडगार्डजवळ उभा. चाचा गाडीच्या नाकाशी, आतली भिंत आणि बंपर यांच्यामध्ये, जेथे माणसाला वळताही येत नाही. आम्ही मात्र दाराशी होतो. ही जागा आम्ही मुद्दाम निवडली होती असे नव्हे. परंतु मुद्दाम निवडली नव्हती, असेही आता शपथेवर सांगवत नाही.

चाचा साखळी ओढू लागले. कप्पीचे दाते कटकट वाजू लागले. साखळी ताठ झाली. इंजिन आपल्या आसनांवरून हलले, आणि जेमतेम चार बोटे वर आले. तोच वरून एक बारीक, कोरडा आवाज झाला, तव्यावर पापड मोडावा तसा. गिलाव्याला केसासारखी चीर गेली आणि चाचांच्या खांद्यावर थोडी तांबडी भुकटी पडली.

चाचा ओरडले नाहीत. त्यांनी नातवाला हलक्या आवाजात एवढेच सांगितले, “बाहर आ जा.” तो बाहेर सरकेपर्यंत त्यांनी साखळीला हात लावला नाही, कप्पीतला ब्रेक ओझे धरून होता. मग एक एक दाता करीत त्यांनी इंजिन परत आसनांवर बसविले. कपाळाचा घाम पुसून ते स्टुलावर चढले. पेचकसाने गिलावा खरवडला. वीट पिठासारखी गळू लागली. ते खाली उतरले आणि आमच्याकडे पाहून त्यांनी विचारले, “आपको मालूम था?”

आम्ही म्हणालो, “हाँ, हमें मालूम था.”

इकडच्या हिंदीत माणूस स्वतःविषयी ‘हमें’ असेच बोलतो. आम्हीही तसेच बोललो. परंतु आमचा मुलगा टॉर्च तशीच धरून हळूच म्हणाला, “हो बाबा, मलासुद्धा माहीत होतं. आपण दोघांनी पाहिली होती ना वीट?” त्याला वाटले, प्रश्न आम्हां दोघांना आहे. ‘हमें’ म्हणताना आम्ही एकटेच आहोत असे समजत होतो. त्यात तो खरोखरच सामील होता. चाचांनी प्रश्न विचारला तेव्हा तोही तेथे होता. त्याने उत्तर ऐकले, ते पुरे नाही हे त्याला कळले, आणि बाबा बोलत नाहीत म्हणजे बोलावयाचे नसते, असे समजून तोही गप्प राहिला. त्या एका दुपारी आम्ही त्याला जे शिकविले, ते शाळेला वर्षभरात शिकविता आले नसते.

येथे प्रसंग संपतो आणि प्रश्न सुरू होतो. त्या रात्री आम्ही स्वतःचा बचाव केला नाही असे नाही. भरपूर केला. तो येथे क्रमाने मांडतो, कारण असाच बचाव प्रत्येक जण करीत असावा.

पहिला मुद्दा असा की, काहीच झाले नाही. मग दोष कशाचा? याचे उत्तर १८७७ सालीच विल्यम किंग्डन क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवरील आपल्या निबंधात देऊन ठेवले आहे. त्याचा दाखला एका जहाजमालकाचा. जहाज जुने, त्याच्या मनात शंका. परंतु दुरुस्तीला खर्च येणार, म्हणून तो हळूहळू मनाची समजूत घालतो, की इतक्या सफरी झाल्या, हीही होईल. जहाज निघते आणि माणसांसह बुडते. क्लिफर्ड त्याला दोषी ठरवितो, आणि मग विचारतो, समजा जहाज सुखरूप पोहोचले असते, तर? तर त्याचा दोष रतिभरही कमी झाला नसता, एवढेच की तो उघडकीस आला नसता. कृत्य केले त्या क्षणीच ते बरे की वाईट, हे ठरून गेले. आम्हांला हे वाचताना जास्त लाज वाटली ती अशी की, तो जहाजमालक निदान स्वतःची समजूत पटविण्यात यशस्वी झाला होता. आम्हांला तेवढेही जमले नव्हते. वीट कुजलेली आहे, हे आम्हांस साखळी ताणली जात असतानाही माहीत होते.

याच्या विरुद्ध बाजूनेही बोलण्यासारखे आहे. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल यांनी नैतिक नशीब हा विषय चर्चेला आणला. नेगेल म्हणतो, ब्रेक वेळेवर न तपासलेला एक ट्रकचालक घ्या. त्याच्यासमोर मूल आले नाही, तर त्याला फारसे काही वाटणार नाही. आले, तर तो जन्मभर स्वतःला माफ करणार नाही. हयगय दोघांची सारखीच. पण जग त्यांना सारखे मोजत नाही आणि ते स्वतःही मोजत नाहीत. हे खरे आहे. इंजिन पडले असते तर हा लेख लिहावयास आमच्यात बळ उरले नसते. परंतु यावरून एवढेच निघते की आम्ही नशीबवान ठरलो. निर्दोष ठरलो, असे निघत नाही. कायद्यालाही हा भेद कळतो. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या १२५ व्या कलमात, बेदरकारपणे किंवा हयगयीने कोणाचा जीव धोक्यात घालणे हाच गुन्हा मानला आहे. प्रत्यक्ष दुखापत झाली तर शिक्षा वाढते. पण न झाली म्हणून गुन्हा नाहीसा होत नाही.

दुसरा मुद्दा असा की, आम्ही खोटे बोललो नाही. याला उत्तर आपल्याच घरी आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिरही खोटे बोलला नव्हता. अश्वत्थामा नावाचा हत्ती भीमाने खरोखर मारला होता, आणि हत्ती हा शब्द युधिष्ठिराने उच्चारलाही होता, फक्त ऐकू येणार नाही इतक्या हळू. महाभारतकारांनी या चतुराईचे कौतुक केले नाही. जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या क्षणी भुईला लागला. आणि शेवटी, द्रोणांना कपटाने फसविले म्हणून, त्याला काही काळ नरकाचे दर्शनही घ्यावे लागले. वाक्य खरे की खोटे, हा त्यांचा निकष नव्हता. ऐकणाऱ्याच्या मनात काय उतरविले, हा निकष होता. द्रोणांच्या मनात मुलाचा मृत्यू उतरला. चाचांच्या मनात पक्की वीट उतरली. शिवाय युधिष्ठिरापुढे निदान युद्ध होते. आमच्यापुढे सोमवार होता.

तिसरा मुद्दा आम्हांला सर्वांत भक्कम वाटत होता. चाचा जाणकार आहेत. तपासणी करणे त्यांचे काम, आणि त्यासाठीच त्यांना मजुरी. आम्ही कारकून, आम्हांस गर्डरातले काय कळते? पण चाचांनी तपासणी केली होतीच. त्यांनी गर्डर ठोकून पाहिला. नवा गिलावा हेरला. जे डोळ्यांनी आणि कानांनी कळण्यासारखे होते, ते सर्व त्यांनी केले, आणि जे कळण्यासारखे नव्हते, तेवढेच आम्हांस विचारले. माणूस कितीही जाणता असला तरी गिलाव्याच्या आतले त्याला दिसत नाही. तेथे त्याचे कसब संपते आणि दुसऱ्याचा शब्द सुरू होतो.

या ठिकाणी एका गोष्टीचा विचार मनात आला. चाचांची हयात ज्या कारखान्यात गेली, तेथे त्यांच्या काळात १९४८ चा कारखाने अधिनियम लागू होता. त्याच्या २९ व्या कलमानुसार उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून कसून तपासणी व्हावी लागे, आणि ठरलेल्या भारापलीकडे त्यांच्यावर ओझे घालण्यास मनाई असे. म्हणजे फाटकाच्या आत त्या माणसाचे रक्षण कलमे करीत होती, नोंदवह्या करीत होत्या, निरीक्षक करीत होते. आमच्या गॅरेजात निरीक्षक नव्हता, नोंदवही नव्हती. तेथे त्यांच्या डोक्यावर संरक्षण होते ते फक्त आमच्या एका वाक्याचे. ते वाक्य आम्ही गिलाव्यासारखे वापरले.

आणि हे सारे घडले ते अरुंद जागेत, याला अर्थ आहे. मोकळ्या मैदानात इंजिन पडले असते तर माणूस मागे उडी मारून सुटू शकतो. आमच्या गॅरेजात चाचांना मागे भिंत, पुढे बंपर, बाजूला टाकी. नातवाच्या तर नाकावर गाडीच होती. जेथे मागे सरकावयास जागा नसते, तेथे आधी कळलेली गोष्ट हीच माणसाची मागे सरकण्याची जागा असते. आम्ही त्यांना खबर दिली नाही, म्हणजे त्या पंधरा बाय आठच्या जागेतली उरलीसुरली मोकळी जागा आम्ही काढून घेतली. बुटक्या छताखाली साखळीवर ताण वाढतो, तसा तो सत्यावरही वाढतो. तेथे सत्य अधिक भक्कम असावे लागते.

मग सांगितले असते म्हणजे आमचे कर्तव्य पुरे झाले असते काय? प्रथम आम्हांस तसेच वाटले. परंतु कार्यालयातील अनुभव आठवला आणि खात्री डळमळली. ‘सदर बाब निदर्शनास आणण्यात येत आहे’ हे वाक्य आपण सर्वांनी लिहिले आहे. ते लिहिताना, वाचणाऱ्याला मार्ग मिळावा हा हेतू किती वेळा असतो, आणि उद्या आपल्यावर येऊ नये हा किती वेळा, ते ज्याचे त्याने पाहावे. समजा आम्ही चाचांना म्हटले असते, ‘वीट कच्ची आहे, पुढे तुमची मर्जी.’ चाचांना त्या दिवसाची मजुरी हवी होती. नातवाला कामाला लावावयाचे होते. ते कदाचित म्हणाले असते, ‘कोई बात नहीं, सँभाल लेंगे.’ मग काही झाले असते तर आम्ही म्हणालो असतो, आम्ही सांगितले होते. असे सांगणे म्हणजे धोक्याची मालकी दुसऱ्याच्या नावे चढविणे. ते फाईल सरकविणेच झाले.

म्हणून आमच्या मनाशी आता जे ठरले आहे ते असे. ज्याच्या अंगावर धोका आहे त्याला सांगणे हे पहिले पाऊल. पण त्याला नाही म्हणता यावे, इतकी मोकळीक आपल्या खर्चाने करून देणे हे दुसरे, आणि दुसऱ्यावाचून पहिले लंगडे आहे. ‘वीट कच्ची आहे, आज काम थांबवू, आजची मजुरी तुमची, तिपाई मी आणतो,’ हे पुरे सत्य होय. त्याची किंमत त्या दिवशी एक रजा, थोडे भाडे आणि शेजाऱ्यांपुढे जोडलेले दोन हात, इतकीच होती. सत्याची किंमत नेहमीच इतकी स्वस्त असते असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या वेळा आम्ही ती दिली नाही, त्या आठवून पाहता बहुतेक वेळी ती अशीच हलकी होती, आणि केवळ आळसाने ती आम्हांस जड वाटली.

एक शंका राहते. प्रत्येक बारीकसारीक संशय बोलून दाखवू लागलो तर जगातले कोणतेही काम पुरे होणार नाही. हे मान्य आहे. कोणताही दोर शंभर टक्के खात्रीचा नसतो. परंतु संशय आणि माहिती यांतला फरक आपणांस चांगला कळतो. तो कळत नाही असे सोंग आपण फक्त अडचणीच्या वेळी घेतो. आम्ही एक सोपी कसोटी धरली आहे. जे आपल्याला माहीत आहे, ते माहीत असताना आपण स्वतः, किंवा आपला मुलगा, त्या जागी पाठीवर पडून गाडीखाली गेलो असतो काय? नसू, तर ते संशयाच्या सदरातले नव्हे.

त्या दिवशी चाचांनी आम्हांस बोल लावला नाही. नळावर हात धुऊन ते एवढेच म्हणाले, “बाबूजी, बता देते तो हम कल कर लेते.” आधी सांगितले असते तर उद्या केले असते. त्या सरळ वाक्यात आमच्या रात्रभराच्या तत्त्वज्ञानाचे सार होते. आम्ही क्षमा मागितली. ती नातवाचीही मागावयास हवी, हे आमच्या लक्षात आले नाही. घरातील मंडळींनी चहा आणताना ते सुचविले, आणि मग तीही मागितली. मुलगा लाजून हसला.

सोमवारी आम्ही सातवी रजा टाकली. आसनांचे सोडलेले नट पुन्हा बसवून, शेजारच्या दोघांच्या मदतीने गाडी बाहेर ढकलली, गल्लीत फिरवली आणि तोंड दाराशी करून उभी केली. तिपाई आली, ताडपत्री बांधली गेली. गल्लीतल्या लोकांनी कुरकुर केली नाही; उलट दोघे-तिघे छत्री घेऊन पाहत उभे राहिले. या वेळी मोकळ्या जागेत साखळीचे पाय चांगले उंच बांधता आले. इंजिन सावकाश वर आले, दोन फूट, तीन फूट, पावसाच्या थेंबांत किंचित झुलत राहिले, आणि लाकडी फळीवर उतरले. या वेळी नातू गाडीखाली असताना साखळी चाचांच्या आणि आमच्या हातांत होती, आणि दाराशी उभे राहावयास आम्हांस जागाच नव्हती, कारण दारातच इंजिन होते.

खरादीकडे इंजिन नेताना मुलगा टेम्पोत आमच्या शेजारी बसला होता. त्याने विचारले, “बाबा, त्या दिवशी चाचांनी विचारलं तेव्हा मी सांगायला हवं होतं का?” नऊ वर्षांच्या मुलाला, वडील समोर गप्प असताना बोलण्याचे ओझे द्यावे काय, हा निराळाच प्रश्न आहे. आम्ही त्याला म्हणालो, “तू नाही. मी सांगायला हवं होतं.”

वाचकांच्या ध्यानात आले असेल की या लेखात आम्ही सर्वत्र स्वतःला ‘आम्ही’ म्हणत आलो. लेखनाची ती रूढी आहे आणि ती आम्हांस आवडते. परंतु त्या टेम्पोत मात्र ‘मी’ हाच शब्द तोंडून निघाला, आणि तोच बरोबर होता.